हाकेला ओ

शनिवार, १० मे २००८

डोकं तापलंय म्हणून लिहितो. नाहीतर आज पंखे पुसायचे होते.

नागपूरच्या संस्थेचा प्रणित गेल्या महिन्यात येऊन गेला. गोड बोलणारा पोरगा, जॅकेटला सतरा खिसे. म्हणाला, "चाचा, दर शनिवारी तुमच्या सायबर कॅफेतला एक तास द्या. पुण्याच्या मॅडम आहेत, मनाच्या डॉक्टर. इंटरनेटवरून बोलतील. जंगलातल्या लोकांना घरबसल्या समुपदेशन." मी म्हटलं, घरबसल्या कसं? पाऊण तास बसमध्ये उभं राहून सिंदेवाहीला येतील आणि माझ्या खुर्चीत बसतील, असं म्हण. हसला. हसण्यात पोरगा हुशार आहे.

आज पहिला दिवस. कॅमेरा लावला तर मॅडमचा चेहरा एका जागी थिजलेला, तोंड अर्धं उघडं. आवाज येतो तो रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा. लाईनीचा दोष. तीस वर्षं ट्रान्झिस्टर दुरुस्त केले, मग एसटीडीचा बूथ चालवला, आता हे. वायर कुठे सैल आहे ते मला आवाजावरून कळतं, पण पुण्यापर्यंतची वायर काही माझ्या हातात नाही. शेवटी ठरलं, टाईप करायचं. आलेला माणूस वारलू, चौथी शिकलेला. कीबोर्डाकडे असा पाहतो, जणू त्यातून काही उडी मारेल. मग मधे मी. तो बोलेल, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करेन. मॅडम लिहितील, मी वाचून दाखवेन.

प्रणित फोनवर म्हणतो, "चाचा, हे सगळं गुप्त असतं हं."

अरे बाबा, गुप्त कोणापासून? सगळं माझ्या बोटांतून जातंय.

वारलूला घेऊन आली त्याची सासू मीराबाई. काटक म्हातारी, जीभ विळ्यासारखी. तेंदूपानाची तोडाई सोडून आली होती. मेली ती तिची मुलगी, सोमारी. वारलूची बायको. म्हातारी मुलीसाठी रडायचं सोडून जावयाला हाताला धरून आणते. मी विचारलं तर म्हणाली, "गेली थे गेली, भाऊ. आता हा बी जाऊन राह्यला. मंग नातीले कोन पाहीन, तू?"

आधी फॉर्म भरायचा होता. "मृत्यूचे कारण" या रकान्यावर मी पेन टेकवलं तसा मीराबाईने कागदावर तळहातच ठेवला. "त्याचं नाव नको लिवू. नाव घेतलं का थो बोलावल्यासारखा येते." बरं. मी लिहिलं, पत्नीचे आकस्मिक निधन. इथे माझ्या वहीत लिहितो, इथे म्हातारीचा हात नाही: वाघ. अकरा एप्रिलला सकाळी, मोहाची फुलं वेचताना.

मॅडमचा पहिला प्रश्न: "तुमचं दुःख एक ते दहामध्ये किती आहे असं सांगाल?" वारलू माझ्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "धानाची आणेवारी सांगता येते. याची कशी सांगू?"

मागून मीराबाई: "लिव सोळा आणे."

मी दहा टाईप केलं. मॅडमने लिहिलं, "दहा म्हणजे सर्वात जास्त. नक्की का?"

हे मी वाचून दाखवलं नाही. म्हटलं, मॅडम म्हणतात, बरं.

बुधवार, १४ मे

समोरचा चहावाला दसरू विचारतो, "काय सांगते हो थो वारलू मशीनले?" मी म्हटलं, सांगतो का दसरूच्या चहात पाणीच जास्त असते. तेव्हा गेला. पण सकाळपासून हा चौथा. दुसऱ्याचं दुःख ऐकायला माणसं तिकीट काढून येतील. आणि मी? मला तर फुकट ऐकायला मिळतं. या विचाराने आणखी राग आला.

शनिवार, १७ मे

आज कॅफे लवकर बंद केला. रागाने की कशाने, माहीत नाही.

सुरुवातीला मीराबाईनेच सांगितलं, "रोज सकारी उठते आन् त्या मोहाच्या झाडाजवर जाऊन बसते. जंगलचा गार्ड हाकलते, पुन्हा जाते. बसते आन् ओ देत राह्यते. ओ. ओ. बाया घाबरून तिकडे पानं तोडायले जात नाई."

मी टाईप केलं: रोज घटनेच्या जागी जातात. ओ देतात.

मॅडमने विचारलं, झोप लागते का. वारलू म्हणाला, नाई. मग मॅडमने लिहिलं, "आपण मन शांत करण्याचा एक सोपा प्रयोग करू. मी एकेक ओळ लिहीन, काका, तुम्ही सावकाश वाचा." काका म्हणजे मी.

मी वाचत गेलो. डोळे मिटा. खांदे सैल सोडा. वारलूने डोळे मिटले. बिचारा सांगितलेलं ऐकतो. पुढची ओळ आली: कल्पना करा, तुम्ही एका हिरव्यागार जंगलात आहात.

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. ओळ आली की वाचायची, एवढंच डोक्यात. तार वाचणारा पोस्टमन कधी थांबतो का? मी वाचलं: पायाखाली वाळलेली पानं आहेत. जवळपास कोणी नाही. फक्त तुम्ही. आता कान देऊन ऐका. काय ऐकू येतं?

वारलू ओरडला, "ओ!"

असा ओरडला की तीन नंबरवर निकाल पाहत बसलेला मास्तर उठून उभा राहिला. डोळे उघडले नव्हतेच त्याने. दुसऱ्यांदा ओ दिला, मग खुर्ची पाडली आणि चप्पल न घालता बाहेर गेला. मीराबाई त्याच्या चपला हातात घेऊन मागे धावली. जाताना मला म्हणाली, "शानपना शिकवता बाप्पा तुमी लोक."

पडद्यावर मॅडमची ओळ होती: "आता त्यांना कसं वाटतंय?"

रविवार, १८ मे

मॅडमला मेल केला. इतका लांब मेल आयुष्यात लिहिला नव्हता. लिहिलं, बाई, वाघाने जिची मान धरली तिच्या नवऱ्याला तुम्ही जंगलात नेऊन बसवता? आणि वर विचारता, काय ऐकू येतं? तुमच्याकडे छापील ओळी आहेत, त्या कोणालाही लावता. भाड्याच्या बँडवाल्यांसारखं. लग्न असो की मयत, तेच गाणं.

खैरुनला वाचून दाखवला. माझी बायको, अठ्ठावीस वर्षांची साथ. म्हणाली, "बँडवाला काट दो. बाकी अच्छा है." बँडवाला ठेवला.

सोमवार, १९ मे

उत्तर आलं. दोन ओळी.

"वाघ? माझ्याकडच्या फॉर्मवर 'पत्नीचे आकस्मिक निधन' एवढंच आहे. मला वाटलं, हृदयविकार असावा. मला हे कोणीच का नाही सांगितलं?"

मंगळवार, २० मे

लिहिणारा हात माझा. म्हातारीने नाव घेऊ नको म्हटलं, ते मी मानलं. चांगुलपणा वाटला तेव्हा. तिचा मान राखला म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. म्हातारी घरी गेल्यावर मॅडमला एक ओळ मेल करायला काय झालं होतं मला? पुण्यात बसलेल्या बाईला झाडीपट्टीत नाव का घेत नाहीत, हे स्वप्नात दिसणार होतं?

पण तीही कमी नाही. तिने विचारायला नको होतं? आकस्मिक म्हणजे काय, एवढं? घटनेची जागा म्हणजे कुठली जागा? माणूस कुठे जाऊन ओ देतो?

दोघंही मूर्ख. एक इथला, एक तिथली.

शनिवार, २४ मे

अकराची वेळ. कोणी आलं नाही. मॅडम पडद्यावर वाट पाहत होत्या. लिहिलं, "आले का?" मी लिहिलं, नाही. दर दहा मिनिटांनी तेच. पूर्ण तास बसून राहिल्या. मीही बसलो.

दुपारी प्रणितचा फोन. "चाचा, केस ड्रॉप झाली का? मला महिन्याचा रिपोर्ट टाकायचा आहे."

मी म्हटलं, केस नाही, वारलू. आणि ड्रॉप म्हणजे काय असतं? माणूस काय लाईन आहे का कट व्हायला?

"तसं नाही हो चाचा, शब्दच तो आहे."

शब्द बदल मग. मी फोन ठेवला. उद्धटपणा झाला. पोरगा वाईट नाही. पण आज चांगल्या पोरांचाही राग येत होता.

सोमवार, २६ मे

पहाटे मोटारसायकल काढली. खैरुन म्हणाली, "अब घर-घर जाके टाईप करोगे?" मी म्हटलं, जाऊन माफी मागून येतो.

गावाच्या अलीकडे नाला आहे. तिथे पाणी प्यायला गाडी बंद केली आणि ऐकू आलं. लांबून, झाडीतून. ओ. मग गप्प. माणूस जेवढा वेळ वाट पाहतो तेवढा वेळ गप्प. मग पुन्हा ओ.

मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत. फोनबूथच्या काचेआड लोक काय काय बोलायचे. घर मोडायचं, पोरगी पळून जायची, बाप मरायचा. पण हा आवाज ऐकून मी गाडीला पाठ लावून उभा राहिलो.

घरी मीराबाई चुलीपाशी. नात तिच्या पाठीवर लोंबकळत होती. बस म्हणाली, काळा चहा दिला. रागावली नव्हती. मी फॉर्मचं सांगितलं, चूक माझी म्हणालो. तर म्हणते, "हात तर मीच ठेवला होता ना कागदावर. तुयावर काऊन घेतं?"

मग मी विचारलं, हे ओ काय आहे? तिने समजावून सांगितलं. मोह वेचताना माणूस वाकलेला असतो. वाकलेला माणूस दुरून जनावरासारखा दिसतो. झाडं लांब लांब, कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची. ज्याच्या नावाची हाक, त्याने ओ द्यायचा. दुसऱ्याने मधे द्यायचा नाही, नाहीतर कोण कुठे आहे ते कळत नाही. असं बोलणं चालू राहिलं की त्यालाही कळतं, इथी मानसं हायेत, दूर सरून राहावं.

"मग वारलू आता कोणाला ओ देतो?"

म्हातारीने चुलीत फुंकर घातली. धूर आला. "त्यालेच इचार," म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

नऊ वाजता वारलू आला. मला पाहून थबकला. मी फक्त एवढंच म्हटलं, शनिवारी ये, डोळे मिटायला कोणी सांगणार नाही. माझी जबान.

शनिवार, ३१ मे

आला. मीराबाई सोबत. ती आज खुर्चीत नाही बसली, दाराच्या पायरीवर बसली, पाठ आमच्याकडे.

मॅडमने पहिलीच ओळ लिहिली: "मागच्या वेळी माझी चूक झाली. मला माफ करा. आज मी काही सांगणार नाही. तुम्हाला बोलायचं असेल ते बोला." मी वाचलं. वारलू पडद्याकडे पाहत राहिला. एवढी शिकलेली बाई आपली माफी मागते, हे त्याला खरं वाटेना. मला म्हणाला, "खरंच लिवलं हाय का तुमी सांगता?" बोट ठेवून एकेक अक्षर दाखवलं.

मग बोलला. मी जसंच्या तसं टाईप केलं. आज एकही शब्द शहाणा केला नाही. इथेही तसंच लिहितो.

"माही नवी चप्पल तिनं तिच्या भावाले देल्ली. वरातीत घालून जाले. मले इचारलंबी नाई. मी दोन दिस तिच्यासंगं बोललो नाई. मोह वेचाले गेलो तवाबी दूरच होतो. तिनं हाक मारली. मी आयकली. चूप राह्यलो. म्हटलं, राहू दे, समजन तिले. दुसऱ्यांदा मारली. मी टोपली उचलली आन् आनखी दूर गेलो. तिसऱ्यांदा मारली थे..." इथे थांबला. "तिसरी हाक पुरी नाई झाली."

टाईप केलेलं एकदा वाचून पाहिलं. मग पाठवलं.

पडदा रिकामा. एक मिनिट. दोन. मला वाटलं, लाईन गेली. बघतो तर मॉडेमचे दिवे चालू. म्हणजे बाई गप्प बसली आहे. मनात म्हटलं, संपल्या का छापील ओळी? मग आलं: "ऐकते आहे." वारलू रडत होता. आवाज न करता, रुमालात तोंड दाबून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आणि मग या बाईने काय विचारावं? "त्या दिवशी तिथे आणखी कोण कोण होतं?"

माझं डोकं फिरलं. मी वाचून न दाखवता आधी तिलाच टाईप केलं: मॅडम, तुम्ही पोलीस पाटील आहात का? पंचनामा करताय? माणूस आतडं काढून ठेवतो आणि तुम्ही हजेरी घेता.

तिने लिहिलं: "काका, तुम्ही रागावलात ते ठीक. पण प्रश्न वाचा. मी विचारपूर्वक विचारते आहे."

वाचला. दात खाऊन वाचला.

वारलू म्हणाला, "आमी आठ-नऊ जन होतो. नाल्याच्या तिकडे बाया. सासू होती, तिच्यापासून जवरच."

मागे पाहिलं तर पायरीवर मीराबाई नव्हती. रस्त्याच्या पलीकडे दसरूच्या टपरीपाशी उभी होती, आमच्याकडे तोंड करून, हातात चहा नाही, काही नाही. मी हात केला. ती म्हणाली, "बस चुकन ना." बसला एक तास होता.

मॅडमची शेवटची ओळ: "पुढच्या वेळी सासूबाईंनाही सोबत बसू द्या. त्यांची इच्छा असेल तरच."

वाचून दाखवली. वारलूला न्यायला पायरीपर्यंत आलेल्या मीराबाईने ऐकली आणि पदर सावरला.

मंगळवार, ३ जून

दिवसभर लाईट नाही. डोक्यात तोच प्रश्न. आणखी कोण कोण होतं. कशाला हवं होतं तिला?

शनिवार, ७ जून

वारलू एकटा आला. पहिल्यांदाच एकटा. मीराबाई कुठे विचारलं, तर म्हणाला, "त्या दिसापासून बोलत नाई. जेवन वाढते आन् तोंड फिरवते. माह्यामुळं पोरगी गेली, हे आता समजलं ना तिले. आधी मालूम नव्हतं. मीच कबूल केलं. आता काय."

आणि दुसरं. आता तो झाडापाशी थांबत नाही. नाला ओलांडून पुढे जातो, जिथे सोमारी सापडली तिथपर्यंत. म्हणे, झाडापासून ओ तिथवर पोचत नसेल. गार्डने बुधवारी ओल्या मातीत ताजा पंजा पाहिला. सगळ्या गावाला माहीत आहे. वारलूलाही माहीत आहे. मी म्हटलं, अरे, तुझी पोरगी आहे. तर शांतपणे म्हणतो, "तिले आजी हाये." हे त्याने अशा आवाजात सांगितलं की मला कळलं. हा माणूस ओ द्यायला जात नाही आता. हा निघायला जातो.

सगळं टाईप केलं. मॅडमने त्याच्याकडून रोजचं एक वचन मागितलं. सकाळी आधी गार्डच्या नाक्यावर जायचं, एकटं पुढे जायचं नाही. प्रणितला लगेच फोन करते म्हणाल्या, चंद्रपूरला डॉक्टरकडे नेण्याची सोय करते म्हणाल्या. वारलूने मान हलवली. तशी मान बैलही हलवतो.

तो गेल्यावर मी मॅडमला लिहिलं. एक आधार होता त्याला, म्हातारीचा. तोही तुमच्या त्या एका प्रश्नाने गेला. तिच्यासमोर त्याला उघडं केलंत. आता तिने तोंड फिरवलं आणि हा नाल्यापलीकडे जातो. पुण्यात बसून प्रश्न विचारणं सोपं आहे, बाई. मेला तर रिपोर्टात काय लिहाल? आकस्मिक?

उत्तरात एकच ओळ: "त्यांनी तोंड का फिरवलं, हे आपल्याला अजून माहीत नाही, काका."

मला माहीत नाही? बूथपासून माणसं ऐकतोय मी. मशीन बंद केलं. रागात वायरच उपटली.

मंगळवार, १० जून

दहा वाजता मीराबाई आली. एकटी, पायात चप्पल नाही. मी म्हटलं, आज शनिवार नाही बाई. म्हणाली, माहीत आहे. खुर्चीत बसली, बंद पडद्याकडे पाहून बोलली.

"तीनही हाका मी आयकल्या. जवरच होती. चपलेवरून थो रुसला हाये, मले मालूम होतं. म्हटलं, मी नाई देत ओ. आता तरी थो बोलन तिच्यासंगं."

मग माझ्याकडे वळली. "हे त्या बाईले नको लिवू. जवायाले सांगाचं हाये. थो सकारी नाल्यापलीकडे गेला, अजून आला नाई."

गाडी काढली. ती मागे बसली. नाल्यापाशी मी गाडी बंद केली, आणि म्हातारीने दोन्ही हात तोंडाला लावून जावयाच्या नावाने हाक मारली.

उत्तर आलं. बऱ्याच वेळाने, पण आलं.